चपला-बूट बाहेर काढून ठेवावेत

आमच्या तालुक्याचं नाव मी सांगणार नाही. नगरहून येणारी एसटी तिथे थांबते आणि चहा पिऊन कर्जतकडे जाते, एवढं पुरे. त्या कचेरीतली बरीच माणसं अजून आहेत, आणि त्यांच्यातलं एकही वाईट नव्हतं. माझी पंचाईत तीच झाली. वाईट माणसाशी कडाकडा भांडून मोकळं होता येतं. चांगली माणसं आधी चहा पाजतात, आणि चहा पिऊन झाल्यावर भांडायला तोंड उरत नाही.

अपंगांसाठीचा कायदा दिल्लीत होऊन दोनेक वर्षं झाली होती. झिरपत झिरपत तो आमच्या तालुक्याला पोचला तो एका संगणकाच्या रूपाने. तालुक्यातल्या सगळ्या अपंगांची माहिती त्यात भरायची, आणि कुणीही अपंग कचेरीत आला की त्याच्या अर्जाचं काय झालं, त्याला कुठली योजना लागू होते, ते त्याला तिथल्या तिथे दाखवायचं, अशी योजना होती. योजना चांगली होती, त्याबद्दल माझं आजही काही म्हणणं नाही. संगणकावर काम करायला माणूसही अपंगच नेमावा असं वरून कळवलं होतं. तो माणूस म्हणजे मी, वृषाली रंभाजी भिंगारदिवे.

मला लहानपणी पोलिओ झाला आणि दोन्ही पाय गेले. म्हणजे आहेत, पण नुसते असायला. मांडीपासून खाली दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या, गुडघ्याला कडी, चामड्याचे पट्टे, आणि पट्ट्यांची खालची टोकं जाड बुटांत पक्की बसवलेली, ह्या सगळ्याला कॅलिपर म्हणतात. कॅलिपर चढवले आणि काखेत कुबड्या घेतल्या की मी चालते. ते काढले की मी जमिनीवर असते. मधली सोय नाही.

सात वर्षांची होईपर्यंत मी घरादारात सरपटतच फिरले. कोंबड्या माझ्या उंचीच्या होत्या आणि त्यांना ते माहीत होतं. मग वडिलांनी पुण्याला नेऊन कॅलिपर करून आणले. वडील साखर कारखान्यात फिटर. गुडघ्याची कडी त्यांना पसंत पडली नाही, ती त्यांनी घरी आणून पुन्हा घासली. मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा मला चुलीच्या वरचा कोनाडा दिसला. त्यात काडेपेटी आणि मिठाची बरणी होती. मी इतकी रडले की आईला वाटलं पट्टा टोचतोय. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं की पुन्हा कुणाच्या देखत सरपटायचं नाही, आणि ते मी पाळलंय.

नेमणुकीचा कागद घेऊन मी कचेरीत गेले तेव्हा तिथे तयारी जय्यत होती. पायऱ्यांना लागून सिमेंटचा नवाकोरा उतार केला होता. हॉलच्या कडेची एक खोली रंगवून, खिडकीला काळी काच लावून, तिच्यात एसी बसवला होता. दारावर पाटी होती, 'अपंग माहिती कक्ष'. तिच्याखाली दुसरी पाटी, जरा मोठ्या अक्षरांत, 'चपला-बूट बाहेर काढून ठेवावेत'.

झालं होतं असं, की संगणक बसवायला आलेला माणूस जाता जाता सांगून गेला होता, ह्या मशीनचा खरा वैरी म्हणजे धूळ. आमच्याकडे पाऊस बेताचा आणि धूळ मुबलक, त्यामुळे कचेरीने हे फार मनावर घेतलं. आणि जिथे चपला बाहेर काढायच्या तिथे आत काय असतं हे आमच्या लोकांना कुणी शिकवावं लागत नाही. पहिल्या आठवड्यात लोक दारातूनच संगणकाला हात जोडून जायला लागले. दुसऱ्या आठवड्यात दाराबाहेरच्या चपला चोरीला जायला लागल्या.

कचेरीचे अव्वल कारकून होते श्रीमंत गाडेकर. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणायचे. फार सचोटीचा माणूस. उभ्या नोकरीत त्यांनी कुणाचा पैसा घेतला नाही, भेट घेतली नाही, आणि स्वतःच्या जबाबदारीवर निर्णयही घेतला नाही.

"या बाई, तुमचीच वाट बघत होतो," ते म्हणाले आणि त्यांनी चहा मागवला. चहा झाल्यावर मला घेऊन त्या खोलीपाशी आले, स्वतःच्या चपला काढल्या, उंबऱ्याच्या आत पाय ठेवला, आणि मागे वळून माझ्या पायांकडे बघत राहिले.

"बूट तेवढे, बाई..."

"हे निघत नाहीत, भाऊसाहेब. हे काढले तर पट्ट्या काढाव्या लागतात, आणि पट्ट्या काढल्या तर मी उभी राहत नाही."

"अरेरे," भाऊसाहेब म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं.

"ओल्या फडक्याने पुसून घेते. तळवेसुद्धा."

"पुसला तरी बूट तो बूटच, बाई."

तेवढ्यात बन्सी शिपाई आमच्या मधून आत गेला. बन्सी सकाळी शेतात पाणी धरून मग कचेरीत यायचा. तो अनवाणी होता, म्हणजे नियमात होता. त्याच्या टाचांच्या भेगांत कमीत कमी गुंठाभर काळी माती असेल. मी ती भाऊसाहेबांना दाखवली. ते म्हणाले की पाटीवर टाचांचा उल्लेख नाही.

बन्सीने माझ्याकडे नीट बघून विचारलं, "भाऊसायेब, कुबड्यांच्या बुडाची रबरं पन काढायची व्हय?"

"ते विचारावं लागेल," भाऊसाहेब म्हणाले.

आणि त्यांनी खरंच विचारलं. वर. कचेरीत 'वर' म्हटलं की कुणी छताकडे बघत नाही, सगळे नगरच्या दिशेला बघतात. कॅलिपरचे बूट हे पादत्राण समजावेत किंवा कसे, याबाबत मार्गदर्शन मागवणारी फाइल त्यांनी त्याच दिवशी स्वतःच्या हाताने तयार करून पाठवली. मला म्हणाले, "मार्गदर्शन आलं की लगेच." तोवर माझ्यासाठी खोलीच्या दाराबाहेर व्हरांड्यात एक बाक टाकला. मी त्या बाकावर बसायला लागले. माझ्या डाव्या हाताला दार होतं आणि पायांशी सगळ्या कचेरीच्या चपला. येणारे-जाणारे माझ्याकडे चपला सांभाळायला देऊन आत जायचे. एकाने चार आणेही ठेवले.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं, पण नेमणुकीच्या कागदात एक अट होती. महिन्याच्या आत उमेदवाराने संगणकावर प्रत्यक्ष काम सुरू केलं पाहिजे आणि तसा दाखला अव्वल कारकुनाने दिला पाहिजे. नाहीतर नेमणूक रद्द, आणि यादीतल्या पुढच्या माणसाला बोलावणं. पुढचा माणूस पाथर्डीकडचा होता. त्याचा एक डोळा गेला होता आणि पाय ठणठणीत होते. त्याच्याशी माझं वैर नव्हतं. पण नोकरी एकच होती आणि ती मला हवी होती.

घरात मला कुणी काही कमी केलं नाही, हे आधी सांगते. पण लग्नकार्यात सगळे जायचे तेव्हा मागे घर राखायला मी. पाहुण्यांनी "पोरगी काय करते?" विचारलं की आई म्हणायची, "ती घरीच असती." हे तीन शब्द मी पंचवीस वर्षांची होईपर्यंत ऐकले. नगरला खोली घेऊन संगणकाचा कोर्स केला, मराठी टायपिंगची परीक्षा दिली, ती ते तीन शब्द पुसायला. आता आई लोकांना "कचेरीत गेलीय" म्हणायला लागली होती. ती पुन्हा जुन्यावर आली असती तर मला सहन झालं नसतं.

कचेरीने प्रयत्न केले नाहीत असं नाही. पहिला प्रयत्न खिडकीचा. मी बाहेरून खिडकीशी बसून सांगायचं आणि बन्सीने आत बसून बटणं दाबायची. बन्सी एका बोटाने काम करायचा, आणि प्रत्येक अक्षराला माझ्याकडे वळून "बराबर हाय का?" विचारायचा. पण खिडकी उघडी राहिली की गार हवा बाहेर जाते, म्हणून ती बंद झाली, आणि बंद काचेतून बन्सीला फक्त माझं चिडलेलं तोंड दिसायचं. दुसरा प्रयत्न प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा. बुटांवर पिशव्या बांधून मी आत जायचं. गुळगुळीत फरशीवर कुबड्या आणि प्लॅस्टिक यांचं जमेना, मी दारातच घसरले आणि बन्सीने मला सावरलं. तिसरी कल्पना भाऊसाहेबांची स्वतःची. मला खुर्चीत बसवून चौघांनी उचलून आत ठेवायचं, म्हणजे बुटाचा जमिनीला स्पर्श नाही.

"चौघांनी उचलायला अजून अवकाश आहे, भाऊसाहेब," मी म्हणाले. "आणि दिवसातून किती वेळा उचलणार? मला पाणी लागतं. मला बाथरूमला जावं लागतं."

भाऊसाहेबांचे कान लाल झाले. मग इकडे तिकडे बघत हळू आवाजात ते म्हणाले, "बाई, राग मानू नका. पट्ट्या दारात काढून, हातावर हातावर असं... आत दोनच पावलं तर आहेत. आम्ही सगळे तोंड फिरवून उभे राहू."

ते हे मायेने बोलले, आणि म्हणूनच मला त्यांच्या तोंडावर कुबडी फेकून मारावीशी वाटली. मी एवढंच म्हणाले, "नाही. नोकरी गेली तरी नाही." त्या दिवशी मी लवकर घरी गेले.

घरी वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. ते कॅलिपरच्या कडीत तेल घालत होते. रविवारी ते हे करायचेच, पण तो रविवार नव्हता.

"तुज्या आज्याला देवळाच्या पायरीखाली थांबवत व्हते," ते म्हणाले. "त्यांची रीत तरी जुनी व्हती. ह्ये मशीन तर गेल्या म्हयन्यात आलं."

"ते जातीवरून नाही करत, दादा. भाऊसाहेब तसे नाहीत. सगळ्यांनाच चपला काढायला लावतात."

"व्हय. पर समदे चपला काढून आत जात्यात, आन् तू चपलांपाशी बसती. फरक काय पडला त्यो मला सांग."

बाजाराच्या दिवशी पुंजाराम यायचा. पुंजाराम स्टोव्ह आणि कंदील दुरुस्त करायचा. त्याचेही पाय गेलेले, पण त्याला कुणी पुण्याला नेलं नव्हतं. तो दोन्ही हातांत रबरी चपला घालून, हातांवर भार टाकत सरकत यायचा. तीनचाकी सायकलीसाठी त्याचा अर्ज होता, आणि ज्यांची नावं संगणकात भरली जातील त्यांनाच ती मिळणार, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. ते खरंही होतं. खोलीपाशी आला की तो पाटी बघून हातांतल्या चपला काढायचा, त्या माझ्या बाकाखाली ठेवायचा आणि उघड्या तळहातांनी थंड फरशीवरून आत जायचा.

पहिल्यांदा तो आत जाऊन आला तेव्हा मी विचारलं, "काय झालं, पुंजारामभाऊ?"

"लई थंडगार हाय आत," तो म्हणाला. "पर मानूस कुनी न्हाई."

"माणूस इथे आहे."

त्याने माझ्या बुटांकडे बघितलं, मग पाटीकडे, मग पुन्हा बुटांकडे. त्याला सगळं कळलं. "मंग ऱ्हाऊ द्या," म्हणाला आणि चपला हातांत चढवून गेला. पुढच्या बाजाराला पुन्हा आला.

महिना संपत आला. मार्गदर्शन आलं नाही. हिशेब केला तर माझा शेवटचा दिवस खंडेनवमीचा निघाला. दुसऱ्या दिवशी दसरा, म्हणजे सुट्टी. भाऊसाहेबांनी दोनदा फोन करून वर विचारलं. वरून सांगण्यात आलं की फाइल विचाराधीन आहे. भाऊसाहेब मला टाळायला लागले. व्हरांड्यातून जाताना मान खाली घालून जायचे, आणि मान खाली घातली की त्यांना माझे बूट दिसायचे, मग ते मान वर करायचे.

खंडेनवमीला आमच्या कचेरीत पूजा असते. ज्याचं जे हत्यार त्याने ते पुजायचं. ट्रेझरीच्या पहारेकऱ्याने बंदूक, ड्रायव्हरने जीप, टायपिस्टने टाइपरायटर. त्या वर्षी साहजिकच संगणक. पण उदबत्तीच्या धुराने मशीन बिघडतं असंही तो बसवणारा माणूस सांगून गेला होता. पूजा तर झाली पाहिजे, आणि धूर तर आत नको. शिवाय तहसीलदारसाहेबांना सगळ्या कचेरीचा संगणकासोबत फोटो हवा होता, आणि सगळी कचेरी त्या खोलीत मावत नव्हती. तेव्हा संगणक हॉलमध्ये आणायचं ठरलं. ह्यासाठी कुणाचं मार्गदर्शन मागवल्याचं मला आठवत नाही.

बन्सी आणि दोघांनी टेबलासकट सगळं उचलून आणलं. फोटोत पडदा उजळलेला हवा, म्हणून वायरी जोडायला मला बोलावलं. हॉलमध्ये चपलांची पाटी नव्हती. मी कुबड्या टेकत गेले आणि खुर्चीत बसून वायरी जोडल्या. बटण दाबलं, मशीनने एक बारीक आवाज केला आणि पडदा उजळला. महिनाभर मी ज्याच्या दाराशी बसले होते ते असं माझ्या मांडीशी आलं. फोटो निघाला.

मग फुलं आली. मॉनिटरला झेंडूची माळ, कीबोर्डच्या कडेला हळदकुंकू, प्रिंटरवर आपट्याची पानं. भाऊसाहेबांनी पूजेचं ताट माझ्यापुढे धरलं.

"बाई, यंत्र तुमचं. पूजा तुमच्या हातची."

"आमच्यात पूजा नसते, भाऊसाहेब. आम्ही बौद्ध."

सगळे भाऊसाहेबांकडे बघायला लागले. भाऊसाहेब मात्र दुखावले नाहीत. "बरोबर, बरोबर," म्हणाले. "मग तुमच्या वतीने मी करतो." आणि त्यांनी मनापासून पूजा केली, नारळ फोडला, सगळ्यांना पेढे वाटले. मलाही पेढा दिला. मी खाल्ला. पेढ्याशी माझं काही भांडण नव्हतं.

बन्सी संगणक उचलायला पुढे झाला तसे भाऊसाहेब म्हणाले, "अरे अरे, हात लावू नकोस. पूजलेलं हत्यार आज हलवायचं नाही की वापरायचं नाही."

ही गोष्ट तिथे सगळे पाळत. जीप पूजलेली होती म्हणून तहसीलदारसाहेब पायी घरी गेले होते. टाइपरायटरवर फुलं होती. कारकुनांची पेनंसुद्धा एका ताटात हळदकुंकू लावून मांडलेली होती. सगळी कचेरी हात मोकळे सोडून, पायांत चपला घालून, पेढे खात उभी होती. आणि माझा महिना अजून संपला नव्हता. घड्याळात दुपार होती.

"भाऊसाहेब," मी म्हणाले, "मी काम सुरू करते."

"कशावर?"

"ह्याच्यावर."

"अहो बाई, आत्ताच पूजा झाली ना."

"तुमच्यात पूजलेलं वापरायचं नाही. आमच्यात तसं काही नाही. आणि हा हॉल आहे, इथे बुटांना बंदी नाही."

भाऊसाहेबांची नजर फोनकडे गेली. मला माहीत होतं ती तिकडे जाणार. फोनवर हळदकुंकू होतं आणि वर एक झेंडूचं फूल होतं. ते फूल त्यांनी स्वतः वाहिलं होतं. फोन उचलता येत नव्हता, आणि उचलला असता तरी वर सगळे पूजेलाच उभे असणार. वर विचारायची सोय नाही असा हा त्यांच्या नोकरीतला पहिलाच प्रसंग असावा. ते उभे राहिले. त्यांनी रुमालाने कपाळ पुसलं. त्यांनी माझ्या बुटांकडे बघितलं, पण ह्या वेळी मान वर केली नाही.

"करा," ते म्हणाले. मग जरा मोठ्याने पुन्हा म्हणाले, "करा, बाई. सुरू करा."

त्या दिवशी दसऱ्याचा बाजार होता. मी कीबोर्ड पुढे ओढत होते तेवढ्यात पुंजाराम हॉलच्या दारात आला. रांगोळी, फुलं, उदबत्तीचा वास, हे बघून तो तिथेच थांबला आणि सवयीने हातांतल्या चपला काढायला लागला.

"काढू नका," मी ओरडले. फारच जोरात ओरडले, कारण बन्सीच्या हातातला पेढा पडला. "घालून या. असेच आत या."

पुंजारामने भाऊसाहेबांकडे बघितलं. भाऊसाहेबांनी मान हलवली. चपलांचा चट चट आवाज करत तो हॉलभर सरकत माझ्या टेबलापाशी आला. सरकारी कचेरीत तो आवाज इतक्या आतपर्यंत कधी आला नसेल. मी नाव विचारलं, वय विचारलं. वय त्याला माहीत नव्हतं, दुष्काळाच्या वर्षी तो केवढा होता यावरून ते भाऊसाहेबांनी काढून दिलं. धंदा, गाव, अपंगत्व, मागणी. एकेक अक्षर पडद्यावर उमटायला लागलं तसा तो टेबलाची कड धरून हातांवर उंच झाला. त्याला वाचता येत नव्हतं. मी मोठ्याने वाचून दाखवलं. प्रिंटर करकरला, आपट्याची पानं थरथरून खाली पडली आणि कागद बाहेर आला.

"झालं?" पुंजारामने विचारलं.

"झालं. तुम्ही ह्यात पहिले."

"आन् तुमचं?"

मी भाऊसाहेबांकडे बघितलं. ते दाखला लिहायला बसलेच होते, पण त्यांचा हात हवेतच थांबला होता. त्यांचं पेन ताटात होतं, टोपणावर कुंकू लावलेलं. मी माझ्या पर्समधून पेन काढून त्यांना दिलं. "हे पूजलेलं नाही," मी म्हणाले. त्यांनी ते घेतलं आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं की उमेदवाराने आज रोजी संगणकावर प्रत्यक्ष काम सुरू केलेले मी स्वतः पाहिले आहे. सही करताना त्यांनी जरा जास्तच वेळ लावला.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे पांढरे कपडे घालून विहारात गेलो. पोरगी काय करते, असं आईला चार जणींनी विचारलं आणि तिने चौघींना सांगितलं. मी मुद्दाम जवळच बसले होते.

दसऱ्यानंतर कचेरी उघडली तेव्हा बन्सी संगणक आत न्यायला आला. भाऊसाहेबांनी त्याला थांबवलं. म्हणाले, "बाईंचं काम सुरू झालंय असं मी लिहून दिलंय. मशीन आत नेलं तर ते बंद पडणार, आणि बंद का पडलं ते मलाच लिहावं लागणार. राहू दे तिथेच." मग संगणक हॉलमध्येच राहिला. रोज सकाळी मी कापडाने धूळ पुसायची. ज्याला कळवायचं आहे त्याला कळवते, धुळीने मशीनला काही झालं नाही.

मार्गदर्शन पुढच्या वर्षी आलं, उसाला तुरे आले होते तेव्हा. कॅलिपरचे बूट हे पादत्राण नसून संबंधिताच्या पायाचाच भाग समजावा, असं वरून ठरलं होतं. मी घरी सांगितलं. वडील म्हणाले, "मंग आता पायाला आइल घालीत जा येळच्या येळी."

भाऊसाहेब निवृत्तीला आले होते. तो कागद घेऊन ते माझ्या टेबलापाशी आले. त्यांचा चेहरा उजळला होता.

"बाई, आता तुम्हाला आत जाता येईल. एकदा जाऊन या. माझ्या देखत."

आत आता मतपेट्या ठेवल्या होत्या आणि एसी त्यांच्यासाठी चालू होता. पाटी तशीच होती. बन्सी अजूनही चपला काढूनच आत जायचा. त्याने दार उघडलं. मी कुबड्या टेकत उंबरा ओलांडला आणि माझे बूट त्या फरशीवर वाजले. मी मधोमध उभी राहिले. मला रडू आलं, आणि इतक्या साध्या गोष्टीसाठी रडू आलं म्हणून रागही आला. मी डोळे पुसले आणि बाहेर आले.

व्हरांड्यात सिमेंटच्या उतारावरून पुंजाराम आपली तीनचाकी चढवत होता. त्याने मला त्या दारातून बाहेर पडताना बघितलं.

"काय हाय आत, ताई?"

"थंडगार आहे," मी म्हणाले. "माणूस कुणी नाही."

"म्या तवाच सांगितलं व्हतं," तो म्हणाला, आणि आम्ही दोघं हॉलमध्ये कामाला गेलो.